गाडी उचलणं सोपं, केस हलवणं अवघड

'द इन्क्रेडिबल्स' या कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनपटाचा तिसरा भाग येणार, असं डिस्नेने ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर केलं आणि त्या निमित्ताने आमच्या घरी पहिले दोन्ही भाग पुन्हा बघून झाले. भाची नऊ वर्षांची आहे. पहिल्या भागात एक प्रसंग आहे. नायक बॉब ऑफिसातून वैतागून घरी येतो. त्याच्या इवल्याशा गाडीचं दार नीट लागत नाही. तो ते आपटतो, काच फुटते आणि संतापाच्या भरात तो अख्खी गाडी डोक्यावर उचलतो. समोर तीनचाकी सायकलवर बसलेलं शेजारचं पोर आ वासून बघत राहतं, आणि त्याचा बबलगमचा फुगा फट्कन फुटतो. भाचीने तिथेच पॉज केलं. "मावशी, ही गाडी उचलायला कॉम्प्युटरवाल्यांना किती कठीण गेलं असेल ना!"

मी म्हटलं, "हे सोपं. कठीण काय ते सांगू? बॉबची मुलगी व्हायोलेट मान वळवते तेव्हा तिचे केस हलतात ना, ते."

तिचा विश्वास बसला नाही, आणि ते साहजिकच आहे. मोठ्यांचंही हेच होतं. "कॉम्प्युटरच तर करतो सगळं, मग एका कार्टूनला चार-चार वर्षं आणि कोट्यवधी डॉलर कशाला?" हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत, रिक्षात आणि पालकसभेत ऐकलेला आहे. त्याचं उत्तर नीट, पायापासून द्यायचं तर हाच चित्रपट सगळ्यात चांगला, कारण यात अचाट ताकदीची माणसं साधं घर चालवतात, आणि ती बनवणाऱ्यांचा कस लागला तो त्या साध्या घरापाशीच.

## ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी

एकेकाळी शहर वाचवणारे सुपरहिरो. मग लोकच त्यांच्यावर खटले भरू लागतात. आत्महत्या करायला निघालेल्या ज्या माणसाला वाचवलं, तोही कोर्टात जातो. नुकसानभरपाई देऊन सरकार टेकीला येतं आणि सगळ्या सुपरहिरोंना निवृत्त करून खोट्या नावांनी सामान्य वस्तीत राहायला पाठवतं. १५ वर्षांनी आपल्याला दिसतो तो पोट सुटलेला बॉब पार. विमा कंपनीत नोकरी, टेबलाएवढीच जागा, आणि दावे नाकारत नाही म्हणून साहेबाची बोलणी. बायको हेलन, जिचं शरीर रबरासारखं ताणतं, घर आणि तीन मुलं सांभाळते. मोठी व्हायोलेट अदृश्य होऊ शकते आणि एरवी केसांच्या पडद्याआड लपते. मधला डॅश वाऱ्यासारखा धावतो, पण शाळेच्या शर्यतीत उतरायची त्याला मनाई. धाकटा जॅक-जॅक तान्हा आहे.

लेखक-दिग्दर्शक ब्रॅड बर्ड, स्टुडिओ पिक्सार. अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००४ला प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं आणि ध्वनिसंकलनाचं अशी दोन ऑस्कर घेऊन गेला. आपल्याकडे तो 'हम हैं लाजवाब' या नावाने हिंदीत आला होता. बाप झाला होता शाहरुख खान आणि मुलाचा आवाज होता त्याच्याच मुलाचा, आर्यनचा. २०१८च्या दुसऱ्या भागात हिंदी हेलन आपल्या काजोलच्या आवाजात बोलते.

## आधी फ्रेम समजून घेऊ

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत मटार पेरला, आणि रोप वाढत असताना ठरावीक वेळाने कॅमेऱ्यात एकेक चित्र घेत राहिले. मग ती चित्रं सलग दाखवली, तर दाण्यातून अंकुर फुटून वेल सरसर वर चढताना दिसली. पैसे लावणाऱ्याला हे माध्यम काय चीज आहे ते पटवायला ती फिल्म कामाला आली.

यातलं एकेक स्थिर चित्र म्हणजे फ्रेम. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम डोळ्यांपुढून जातात आणि मेंदू त्या जोडून हालचाल बघतो. पहिला 'इन्क्रेडिबल्स' ११५ मिनिटांचा आहे. गुणाकार करा: १,६५,६०० फ्रेम. मटार निदान स्वतःहून वाढत होता. अ‍ॅनिमेशनमध्ये काहीच स्वतःहून घडत नाही.

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये या फ्रेम कागदावर काढतात. तिथे एक मोठी सोय असते. चित्रकाराला मुलीचे केस दाखवायचे तर तो एक काळा आकार आणि दोन-चार रेषा काढतो. शर्ट म्हणजे कॉलर, दोन बाह्या, एखादी घडी. राक्षस काढा किंवा वरण-भाताचं ताट, खर्च कागद-पेन्सिलीचा आणि वेळेचाच. बर्ड याच परंपरेतून आलेला होता, त्यामुळे त्याने कथा लिहिताना हात आखडला नाही. माणसं, लांब केस, ओले केस, कपडे, आग, पाणी, बर्फ, धूर, जंगल, शहर, सगळं लिहिलं. त्यानेच पुढे एका मुलाखतीत सांगितलंय की हे पाहून तांत्रिक मंडळींचे चेहरे पांढरे पडले. त्यांना वाटलं, याला दहा वर्षं आणि ५० कोटी डॉलर लागतील. प्रत्यक्षात बर्ड २०००मध्ये पिक्सारमध्ये आला आणि २००४मध्ये चित्रपट सुमारे ९ कोटी डॉलरमध्ये पूर्ण झाला. मधल्या चार वर्षांत काय झालं, ते पुढे येतंच.

## आकाशकंदील आणि कळसूत्री बाहुली

कॉम्प्युटरमध्ये चित्र काढत नाहीत, वस्तू घडवतात. दिवाळीत घरी आकाशकंदील केला असेल तर हे लगेच कळेल. आधी कामट्यांचा सांगाडा, मग त्यावर कागद. चार कामट्या असतील तर कंदील चौकोनी दिसतो, चाळीस असतील तर गोल भासतो. कॉम्प्युटरमधला बॉबही असाच, रेषांच्या बारीक जाळीवर ताणलेला रंगीत कागद. याला मॉडेल म्हणतात. आत मात्र पोकळ. हाड नाही, मांस नाही, वजन नाही.

आता हा कंदील हलवायचा कसा? कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या असतील. हाताला एक दोरी, मानेला एक दोरी, बोटांच्या हिसक्यासरशी बाहुली मान डोलावते. कॉम्प्युटरमधल्या बाहुलीला अशा शेकडो अदृश्य दोऱ्या असतात. एक डाव्या भुवईच्या आतल्या टोकाला, एक ओठाच्या कोपऱ्याला, एक खांद्याला. या दोऱ्यांच्या संचाला रिग म्हणतात. अ‍ॅनिमेटर त्या ओढून महत्त्वाच्या मुद्रा ठरवतो. इथे बॉब वाकलेला, इथे गाडी धरलेली, इथे डोक्यावर. दोन मुद्रांमधल्या फ्रेम कॉम्प्युटर भरून देतो.

"बघा, करतो ना कॉम्प्युटरच!" असं इथे कुणी म्हणेल. पण त्याने भरलेलं जसंच्या तसं ठेवलं तर बॉबचा हात घड्याळाच्या काट्यासारखा एका गतीने वर जातो आणि गाडी थर्माकोलची वाटते. मुळात कॉम्प्युटरमधल्या गाडीला वजन नसतंच. ती वर न्यायची म्हणजे उंचीचा आकडा बदलायचा, बस्स. म्हणून मी भाचीला म्हटलं, गाडी उचलणं सोपं. मेहनत आहे ती गाडी जड वाटावी यासाठी. आधी गुडघे वाकले पाहिजेत, पाठ ताठरली पाहिजे, गाडी जागची हलायला क्षणभर उशीर लागला पाहिजे, आणि वर गेल्यावर हात किंचित थरथरले पाहिजेत. हा उशीर किती फ्रेमचा, हे माणूस ठरवतो. मुरलेल्या अ‍ॅनिमेटरचंही आठवडाभराचं काम पडद्यावर जेमतेम काही सेकंदांचं भरतं, ते यामुळे.

## केस

आता मूळ मुद्द्यावर येते.

माणसाच्या डोक्यावर ढोबळमानाने एक लाख केस असतात. प्रत्येक केस वाकतो, झुलतो, शेजारच्याला घासतो, खांद्यावर टेकतो, पुन्हा घसरतो. अ‍ॅनिमेटर एक लाख दोऱ्या ओढू शकत नाही. म्हणून इथे सिम्युलेशन वापरतात, म्हणजे निसर्गाचे नियम कॉम्प्युटरला शिकवायचे आणि "डोकं असं वळलं, आता केसांचं काय होईल ते तूच काढ" असं सांगायचं.

अडचण घासण्याची आहे. एक लाख केसांपैकी कुठलेही दोन एकमेकांना लागतायत का, हे तपासायचं तर जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. तेही एका फ्रेममधल्या एका क्षणासाठी. आखूड केसांना ही कटकट फारशी नसते, ते ताठ उभे असतात. तेल चोपडून घट्ट घातलेल्या वेणीचंही एक वेळ जमेल, कारण वेणी म्हणजे एकच जाड दोर. पण न्हाऊन मोकळे सोडलेले, खांद्याखाली येणारे, तोंडावर पडणारे सुळसुळीत केस? तिथे प्रत्येक बट स्वतंत्र, तरी सगळ्यांचा मिळून एक ओघ.

आणि बर्डला हवे होते नेमके तेच. व्हायोलेट बुजरी आहे. वर्गातला मुलगा समोर आला की ती केसांआड जाते. ते केस म्हणजे तिचं लपणं आहे. ते हेल्मेटसारखे घट्ट बसले असते तर पात्रच उभं राहिलं नसतं. पुन्हा तेच केस विमान कोसळल्यावर समुद्रात भिजतात, चिकटतात, वाऱ्यावर उडतात. केस आणि कपड्यांचं काम पाहणाऱ्या चमूचे प्रमुख होते मार्क हेन. चित्रपटाचं काम बरंच पुढे गेलं तरी व्हायोलेटचे केस हा न सुटलेला संशोधनाचा प्रश्नच होता. कथा तयार, आवाज तयार, आणि नायिकेचे केस कसे हलवायचे ते अजून ठाऊक नाही! हे वाचलं तेव्हा मला त्या चमूबद्दल फार जिव्हाळा वाटला.

उपाय सापडला तो गर्दीकडे बघावं तसं केसांकडे बघून. संध्याकाळी दादरच्या पुलावर उभे राहा. प्रत्येक माणूस कुणाला खेटून कुठे चाललाय याची नोंद ठेवणं अशक्य. पण पुलाचे चौकोन पाडले, आणि या चौकोनात दाटी किती, लोंढा कुठल्या बाजूला किती वेगाने सरकतोय एवढंच पाहिलं, तर अंदाज येतो. लोंढ्यातला माणूस लोंढ्याच्याच वेगाने जातो, आणि फार दाटी झाली की बाहेर ढकलला जातो. पिक्सारच्या संशोधकांनी केसांभोवतीच्या जागेचे असेच छोटे छोटे कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्यात केसांची दाटी किती आणि सरासरी वेग काय ते काढायचं, आणि प्रत्येक केसाला त्याच्या कप्प्याच्या चालीशी जुळवून घ्यायला लावायचं. केस केसाला विचारत बसत नाही, गर्दीला विचारतो. शिवाय सगळ्या एक लाखांना हलवायचंही नाही. काही मोजके म्होरके केस हलवायचे आणि उरलेले त्यांच्यामधून भरून काढायचे.

एवढं करूनही काम संपत नाही. नियम पाळून हललेले केस कधी कधी नेमके डोळ्यावर येतात, आणि त्या क्षणी डोळ्यातला भाव दिसणं गरजेचं असतं. मग कुणीतरी बसून त्या एका बटेला समजावतं. निसर्ग बरोबर असला तरी प्रसंग चुकू शकतो.

## शर्टाची बाही काखेत अडकते

कापडाचं दुखणं वेगळं. नऊवारीच्या निऱ्या आठवा. चालताना त्या उघडतात, मिटतात, पण एकमेकींच्या आरपार जात नाहीत. कॉम्प्युटरला हे 'आरपार जायचं नाही' शिकवावं लागतं, कारण त्याच्या जगात कंदिलाच्या कागदातून दुसरा कागद खुशाल पार होतो.

त्यात पात्राचं शरीरही फसवं. आपण कोपर दुमडला की मांस दबतं, बाजूला सरकतं. कॉम्प्युटरमधलं पोकळ शरीर दुमडलं की दंड आणि हात एकमेकांत घुसतात. मध्ये सापडलेल्या बाहीची पंचाईत होते. वरचा भाग म्हणतो खाली हो, खालचा म्हणतो वर हो, आणि बाही तडफडल्यासारखी थरथरू लागते. प्रेक्षकाला नीट कळत नाही काय बिघडलंय, पण नजर तिथेच जाते. डेव्हिड बॅरॅफ, अँड्र्यू विटकिन आणि मायकेल कॅस या पिक्सारच्या तिघांनी २००३मध्ये यावर रीत मांडली. कापड कुठे चुकीच्या बाजूला अडकलंय ते ओळखायचं, तिथे उगाच झगडायचं नाही, आणि जागा मोकळी झाली की ते आपोआप सुटेल असं बघायचं. गुंतलेला दोरा ओढत न बसता सैल सोडतो ना आपण, तसंच काहीसं.

या पार्श्वभूमीवर एडना मोड आठवते. सुपरहिरोंचे कपडे शिवणारी ही बुटकी बाई, जिला खुद्द बर्डनेच आवाज दिलाय. बॉब पाठीवर रुळणारा झगा मागतो आणि ती त्याला सपशेल नकार देते. अमक्याचा झगा क्षेपणास्त्राच्या पंखात अडकला, तमकी झग्यासकट विमानाच्या इंजिनात ओढली गेली, अशी यादीच वाचते. कथेत तो नकार खलनायकाच्या शेवटाशी येऊन भिडतो, पण कापडाच्या चमूत काम केलेला कुणीही ते ऐकून मान डोलावेल.

## कानामागे टॉर्च धरून बघा

रात्री दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरा. बोटांच्या कडा लालबुंद दिसतात. त्वचा प्रकाशाला पूर्ण अडवत नाही. थोडा प्रकाश आत शिरतो, रक्तामांसात इकडेतिकडे भटकतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. दूध, संगमरवर, मेण यांचंही तेच. म्हणून संगमरवरी मूर्ती जिवंत वाटते आणि प्लास्टिकची बाहुली मेलेली.

१९९५मध्ये पिक्सारने पहिला पूर्ण लांबीचा कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनपट केला तेव्हा नायक खेळणी होती. प्लास्टिकला हे आतलं भटकणं लागत नाही, प्रकाश पृष्ठभागावरून परतला की झालं. पुढे किडे, राक्षस, मासे. १९९७च्या एका छोट्या फिल्ममध्ये, बागेत स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या आजोबांवर, माणसाच्या त्वचेची आणि कोटाच्या कापडाची तालीम झाली. पण सगळी मुख्य पात्रं माणसं, असा पिक्सारचा पहिला चित्रपट हाच. त्वचेत शिरणाऱ्या प्रकाशाचा झटपट हिशेब करायची व्यवहार्य पद्धत हेन्रिक वान जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि त्या प्रकारचं तंत्र इथे त्वचेसाठी वापरलं गेलं. बॉबच्या कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा उन्हात किंचित ऊबदार दिसतो, ते त्यामुळे.

त्वचेखालीही काम होतं. बॉबच्या दंडाचे स्नायू फुगतात, त्यावर चरबी हलते, त्यावर कातडी सरकते. त्याचं सुटलेलं पोट बघून हसू येतं, ते या थरांवर उभं आहे.

## मग हुबेहूब माणसासारखीच का नाही केली?

एवढी यातायात केली, तर बॉबचं धड कपाटाएवढं आणि पाय काडीसारखे का? हे विचारणारे बरेच भेटतात आणि प्रश्न चांगला आहे.

मासाहिरो मोरी या जपानी रोबो-तज्ज्ञाने १९७०मध्ये एक निरीक्षण मांडलं. वस्तू जसजशी माणसासारखी दिसू लागते तसतशी ती आपल्याला आवडू लागते. पण अगदी जवळ पोचली, आणि तरी काहीतरी चुकलेलं राहिलं, की आवड एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो. आलेखात तिथे खोल दरी दिसते, म्हणून त्याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात, बिचकवणारी दरी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच का देतात, ते आठवा. मूर्तीचा बाकी रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चालतं. बुबुळ केसभर सरकलं की देव आपल्याकडे बघत नाही.

गंमत म्हणजे 'इन्क्रेडिबल्स'नंतर पाचच दिवसांनी, १० नोव्हेंबर २००४ला, अमेरिकेत 'द पोलर एक्सप्रेस' लागला. त्यात खऱ्या नटांच्या अंगावर खुणा लावून त्यांची हालचाल कॉम्प्युटरने टिपली होती आणि चेहरे खऱ्या माणसांच्या जवळ नेले होते. अनेक समीक्षकांनी तक्रार केली ती डोळ्यांची: निर्जीव वाटतात. आठवड्याभरात आलेले दोन चित्रपट, एकाने दरीत पाऊल टाकलं, दुसरा तिच्या अलीकडेच थांबला.

बर्डच्या मंडळींनी अर्कचित्राचा मार्ग धरला. चांगला व्यंगचित्रकार नेत्याचं नाक दुप्पट करतो आणि तरी आपण म्हणतो, "अगदी हाच!" बॉबचं धड मोठं, कारण तो त्याच्या आयुष्यात मावत नाही. गाडीत मावत नाही, ऑफिसातल्या खणात मावत नाही. आकार अर्कचित्राचा आणि त्वचा, केस, कापड मात्र खऱ्यासारखं, असा तो मेळ आहे. माझ्या मते चित्रपटातला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

## नटाच्या अंगाला खुणा लावून काम स्वस्तात झालं नसतं?

हालचाल टिपण्याचं तंत्र वाईट नाही, आज ते फार पुढे गेलंय. पण हेलन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हात लांबवते ती हालचाल कुठल्या नटाकडून टिपायची? डॅश पाण्यावरून धावतो ते? अर्कचित्राच्या शरीराला हालचालही अर्कचित्राचीच लागते. याबाबत बर्ड इतका ठाम आहे की त्याच्या पुढच्या चित्रपटात, २००७च्या 'रॅटाटुई'त, श्रेयनामावलीच्या शेवटी अस्सल अ‍ॅनिमेशनची शंभर टक्के हमी देणारी पाटीच टाकली होती.

खरी माणसं त्याने वेगळ्या जागी वापरली. डॅशचा आवाज देणारा स्पेन्सर फॉक्स लहान मुलगा होता. धापा टाकत बोलायचं होतं, तर बर्डने त्याला आधी स्टुडिओभोवती फेऱ्या मारायला लावल्या. तो दम खरा आहे.

## शेवटचा टप्पा, रेंडर

सगळं ठरलं की प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र बनवायचं. कुठला प्रकाश कुठे पडला, कुठून परतला, त्वचेत किती शिरला, हा हिशेब म्हणजे रेंडर. एका फ्रेमला कित्येक तास लागू शकतात. समजा सहा तास धरले आणि एकच कॉम्प्युटर असेल, तर १,६५,६०० फ्रेमना ११३ वर्षं लागतील. म्हणून हजारो प्रोसेसर एकाच वेळी राबवतात. हा भाग मात्र खरोखर कॉम्प्युटरचा.

## "आता एआय आलंय, हे सगळं संपलं"

हा आक्षेप हल्ली पहिल्या पाच मिनिटांत येतो. त्यात तथ्य आहेच. रेंडरमध्ये चित्रावर राहणारे खरखरीत ठिपके साफ करायला मोठे स्टुडिओ काही वर्षांपासून मशीन लर्निंग वापरतात, आणि त्याने वेळ वाचतो. दोन ओळी लिहून दिल्या की केस उडवणारी मुलगी दाखवणारी साधनंही आता आहेत.

पण त्या मुलीला "मान वळवून झाल्यावर चार फ्रेम उशिरा बट पडू दे, आणि डावा डोळा अर्धाच झाक" असं सांगून बघा. ती वेगळीच मुलगी होऊन येते. इतके केस पाहून 'केस साधारण असे दिसतात' हे शिकणं एक, आणि ही मुलगी या क्षणी कुणापासून लपतेय हे ठाऊक असणं दुसरं. साधनं सुधारतील, सांगितलेलं ऐकूही लागतील. तेव्हाही नेमकं काय सांगायचं ते कुणालातरी माहीत असावं लागेल.

मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्सचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, आणि दहावी-बारावीनंतर मुलाला तिथे घालावं का असं पालक विचारतात. माझं मत विचाराल तर, वर्ग कुठलं सॉफ्टवेअर शिकवतो हे नंतर विचारा. आधी विचारा, चित्रकला किती करून घेतात? मुलांना बाहेर बसवून चालणारी माणसं रेखाटायला लावतात का? पाण्याची घागर कमरेवर घेतलेली बाई कुठल्या बाजूला झुकते, थकलेला माणूस पायऱ्या कसा उतरतो, हे न बघता दोऱ्या ओढायला शिकलेला मुलगा थर्माकोलच्याच गाड्या उचलत राहतो. आणि श्रेयनामावली मुलांबरोबर शेवटपर्यंत बसून बघा. रिगिंग, केस, कापड, प्रकाश, प्रत्येकाची वेगळी नावं आहेत. कुणाला चित्र जमतं, कुणाला गणित. तिथे दोघांनाही जागा आहे.

## पुन्हा व्हायोलेटकडे

चित्रपटाच्या शेवटी डॅशच्या शर्यतीच्या दिवशी व्हायोलेट येते तेव्हा तिने केस हेअरबँडने मागे घेतलेले असतात. पूर्ण चेहरा उघडा. ज्या मुलाला बघून ती अदृश्य व्हायची, तोच बोलायला येतो आणि गडबडतो, ती मात्र नाही. इतका जीव टाकून जे केस हलते केले, ते इथे बाजूला होतात आणि आपल्याला कानही दिसतो, गालही दिसतो. कुणी काही बोलून दाखवत नाही.

भाचीने तिथेही पॉज केलं. मग उठून खोलीतला दिवा घालवला, माझा मोबाइल घेतला, टॉर्च लावून आपल्याच कानामागे धरला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, लाल दिसतोय! आतल्या शिरापण दिसतायत!" मग केस पुढे घेतले, मान झटकून मागे टाकले. पुन्हा घेतले, पुन्हा टाकले. आई जेवायला हाक मारत होती, आणि ही मात्र बट कुठे पडते ते बघत होती.